दोन गाभाऱ्यांच्या मधला माणूस

कोणतीही इमारत पहिल्यांदा पाहिली की लवू गुरव आपल्या मालवणीत एकच प्रश्न विचारत: "पाणी खंय जाता?" बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या माहूज भागातल्या आमच्या सात मजली इमारतीत नोकरीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तो मालकाला विचारला होता. तिथल्याच हूरा भागातल्या एका हॉटेलात लग्नाच्या जेवणाला गेले असताना तिथल्या मॅनेजरला विचारला होता. आणि जर्मनीत, हजार वर्षांच्या एका कॅथीड्रलसमोर उभे राहून मला विचारला. उत्तर मिळेपर्यंत ते आत जात नसत.

ते आमच्या इमारतीचे केअरटेकर होते. मी बहरीनमधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि चौथ्या मजल्यावर राहत होतो. आमची पहिली ओळख माझ्या तुंबलेल्या बेसिनमुळे झाली. दहा मिनिटांत त्यांनी बेसिन मोकळे केले, मी पुण्याचा आहे हे काढून घेतले आणि त्या दिवसापासून मला 'पुणेकर' म्हणू लागले. मी त्यांना लवूकाका म्हणत असे.

त्यांचे गाव कुडाळ आणि मालवण यांच्या मधले. घराणे रवळनाथाच्या गुरवांचे. देवळाची पूजा, झाडलोट आणि दिवाबत्ती भावकीत वर्षावर्षाने फिरत असे. ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली. लवूकाका चोविसाव्या वर्षी प्लंबरचे मदतनीस म्हणून बहरीनला आले आणि त्यांच्या वाट्याची पाळी चुलतभाऊ करू लागला. इमारतीत बेचाळीस फ्लॅट होते, म्हणजे त्यांच्या ताब्यात बेचाळीस किल्ल्या. या दोन कामांत सोपे कोणते, असे मी एकदा विचारले.

"देऊळ," ते म्हणाले. "थंय एकच देव, आणि तो फोन करीत नाय."

दोन्ही कामे ते एकाच पद्धतीने करत. पहाटे पाचला आंघोळ, मग पंपाची खोली उघडायची. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. चपला बाहेर. इमारतीचा मलबारी इलेक्ट्रिशियन सुरुवातीला हसत असे. वर्षभराने तोही चपला बाहेर काढू लागला. कारण विचारल्यावर म्हणाला की लवूभाई आत असताना बूट घालून गेलो तर पंप बिघडतो, असे दोनदा झाले आहे.

बोलण्यात त्यांचे काही नियम होते. भाडेकरूने काम सांगितले आणि ते 'इंशाल्ला' म्हणाले, तर ते काम होणार नसे. 'खलास' म्हणाले, तर ते आधीच झालेले असे. मधला शब्द त्यांच्याकडे नव्हता. मालक हा वयस्कर बहरीनी गृहस्थ. त्यालाही हे ठाऊक होते. 'इंशाल्ला' ऐकले की तो मुकाट्याने बाहेरच्या कंत्राटदाराला फोन लावत असे.

बहरीनमध्ये पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो आणि तेवढ्यात निम्मी मनामा गळते, कारण पावसाचा विचार कोणी केलेलाच नसतो. लवूकाका दर हिवाळ्याआधी गच्चीवर बादल्या भरभरून पाणी ओतत आणि ते कुठल्या कोपऱ्यात रेंगाळते ते उकिडवे बसून पाहत. एका जानेवारीत सकाळी जोराची सर आली. आजूबाजूच्या इमारतींच्या जिन्यांतून पाणी वाहिले. आमच्याकडे लवूकाका सातही मजल्यांवर दारे ठोठावत फिरले. "गळला?" नाही म्हटले की पुढचे दार. बेचाळिसावे दार झाल्यावर खाली येऊन त्यांनी चहा घेतला आणि मालकाला फोनवर एकच शब्द सांगितला. मालकाने आनंदाने काय उत्तर दिले ते जिन्यापर्यंत ऐकू आले.

त्यांच्या गावचे चाळीसएक लोक बहरीनमध्ये होते. ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, स्वयंपाकी, दोन-तीन इंजिनीअर. दोन महिन्यांतून एका शुक्रवारी दुपारी हूऱ्यातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये त्यांची बैठक भरे. एकदा लवूकाका मलाही घेऊन गेले. कारण सांगितले नाही. नंतर लक्षात आले, की त्या दिवशी त्यांना आपल्या बाजूचा एक तरी माणूस हवा होता.

विषय देवळाचा होता. प्रकाश सावंत हा एका बांधकाम कंपनीतला साइट इंजिनीअर, वय चौतीस, गावातला पहिला इंजिनीअर. त्याने लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला आणि नवे देऊळ दाखवले. आरसीसीचा मंडप, वर घुमट, खाली ग्रॅनाइट, सहा पंखे, स्टीलचे कठडे. लोकांना ते आवडले. जुन्या देवळाच्या भिंती जांभ्याच्या, सभामंडपाचे बारा खांब फणसाच्या लाकडाचे, छपरावर नळे, म्हणजे मातीची अर्धगोल कौले. गावाने ते पाडायचे जवळजवळ ठरवले होते. बहरीनकरांचा होकार बाकी होता.

"जुना कित्याक पाडूचा?" लवूकाकांनी विचारले.

"काका, लाकूड कुजला," प्रकाश म्हणाला. त्याचा आवाज अदबीचाच होता. "गेल्या पावसात गाभाऱ्याभायर बादल्यो मांडूक लागल्यो. गुरव तुमी, तुमका ठावक नाय? लाकडाचा जुना देऊळ जगात खंय टिकता? एक दाखवा."

लवूकाकांनी टीव्हीवरच्या घुमटाकडे पाहिले. मग म्हणाले, "बघून सांगतंय."

हॉलमध्ये हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, "बघा, बघा. तवसर आमी पंखे लावतोंव."

पुढच्या आठवड्यात ते माझ्या स्वयंपाकघरातला नळ बदलायला आले. मला ऑक्टोबरमध्ये रजा होती आणि जर्मनीत ऱ्हाइनच्या काठची जुनी चर्च पाहून आमच्या शनिवारच्या पुरवणीसाठी लेख लिहायचा होता. टेबलावर लॅपटॉपवर फोटो उघडे होते. लवूकाका पाना हातात धरून वाकले.

"केवडी जुनी असत ही?"

"मोठी आहेत ती हजार वर्षांची."

"छप्पर?"

"वरचे वासे लाकडी. काही छपरे जळली, पुन्हा केली. लहान गावांतली काही बरीच जुनी आहेत."

त्यांनी नळ बसवला, दोनदा सोडून पाहिला, हात पुसले आणि विचारले, "माका वांगडा घेतल्यात जर्मनीक?"

त्या वर्षीची गावची वारी त्यांनी रद्द केली. खोलीतले सोबती त्यांना दाराशी उभे राहून ऐकवत: "देऊळ गावात, आणि गुरव चाललो जर्मनीक." व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने प्रवासाचे कारण विचारले तेव्हा ते इंग्रजीत म्हणाले, "टेम्पल चेकिंग." मी पुढे होऊन 'टूरिझम' म्हटले. त्यांनी मला बाजूला केले. "टूरिझम नहीं, मॅडम. काम है." पुढची दहा मिनिटे मी त्या मुलीला हे काम म्हणजे काम नव्हे हे समजावत होतो. व्हिसा मिळाला, हे त्या मुलीचे उपकार.

सामानात त्यांच्याकडे एक टॉर्च, मोजपट्टी आणि ओळंबा होता. ओळंबा फ्रँकफर्ट विमानतळावर तपासणीत बाहेर काढण्यात आला. त्यांनी तो दोरीला लटकवून अधिकाऱ्याला दाखवला. अधिकाऱ्याने समोरच्या खांबाकडे पाहिले, दोरीकडे पाहिले, मान डोलावली आणि जाऊ दिले.

श्पायरच्या कॅथीड्रलला चार मनोरे आहेत आणि ते गावाच्या कोणत्याही कोपऱ्यातून दिसतात. लवूकाका आत आले ते चाळीस मिनिटांनी. तोवर ते बाहेरून भिंतीच्या कडेकडेने, मान वर करून, पन्हळींचा माग काढत होते. दारासमोर एक प्रचंड दगडी कटोरा आहे. नवा बिशप आला की पूर्वी तो वाइनने भरत आणि गावकरी पीत, असे पाटीवर लिहिले होते. मी ते वाचून सांगितले. त्यांनी कटोऱ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "आणि उरला ता खंय सोडीत?"

आत, वेदीच्या खाली, बुटक्या जाड खांबांचे एक तळघर आहे. कमानींत एक दगड लाल, एक पिवळट, असा पट्टा. लवूकाकांनी लाल दगडावर तळवा टेकला. "जांभो न्हय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण जांभ्याचो सख्खो भाव."

माइन्त्समध्ये कॅथीड्रलच्या शेजारी पाथरवटांची कार्यशाळा आहे. काचेतून एक तरुण बाई दगडाचे एक पान कोरताना दिसत होती. बाहेरच्या भिंतीत नवे दगड जुन्यांपेक्षा उजळ दिसतात आणि कोणी ते झाकायचा प्रयत्न केलेला नाही. लवूकाका भिंतीसमोर उभे राहून ते मोजू लागले आणि साठाच्या पुढे मोजायचे सोडून दिले.

"ह्या लोकांका ठिगळाची लाज नाय," ते म्हणाले. हा शेरा प्रशंसेचा होता, हे कळायला मला गाडीत बसेपर्यंतचा वेळ लागला.

व्होर्म्सला अडचण आली. व्होर्म्सच्या कॅथीड्रलमध्ये दार लांबीच्या बाजूला, दक्षिणेकडे आहे. आत शिरले की माणूस मधोमध उभा राहतो. उजव्या हाताला, पूर्वेच्या टोकाला, सोन्याने मढवलेली वेदी. डाव्या हाताला, पश्चिमेच्या टोकाला, दुसरा गाभारा. त्या काळच्या जर्मन कॅथीड्रलांत ही पद्धत होती. मी ती पुस्तकातून वाचून सांगितली. लवूकाका दाराच्या आत दोन पावलांवर थांबले.

"दोनय टोकांक देव?"

"हो."

"मग मदल्या माणसान पाठ कोणाक दाखवूची?"

मी म्हटले, इथे तसे काही मानत नाहीत. ते माझ्या अखत्यारीत नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. गुरवाने देवाला पाठ दाखवायची नाही. गाभाऱ्यातून तो उलट पावली बाहेर येतो. इथे उलट पावली निघाले तर पाठ दुसऱ्या देवाला. त्यांनी क्षणभर विचार केला, अंग दाराच्या दिशेने वळवले, एक खांदा पूर्वेला आणि एक पश्चिमेला केला, आणि खेकड्यासारखे आडवे चालू लागले. संपूर्ण कॅथीड्रल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्यांनी असे पाहिले. एकशे दहा मीटर.

एका शाळेची सहल आत होती. सातवी-आठवीची मुले आधी हसली, मग त्यांतली पाच-सहा त्यांच्या मागे आडवी चालू लागली. त्यांची गाइड, करड्या केसांची बाई, माझ्याजवळ आली आणि हे गृहस्थ बरे आहेत ना, असे इंग्रजीत विचारले. मी कारण सांगितले. तिने दोन्ही टोकांकडे पाहिले. मग म्हणाली, मी अनेक वर्षे इथे लोकांना फिरवते, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. तिने मुलांना थांबवले नाही.

सहाव्या दिवशी आम्ही द्राक्षमळ्यांतल्या एका लहान गावात उतरलो. तिथले चर्च माझ्या यादीत नव्हते; गाडी चुकली म्हणून पाहिले. भुरभुर पाऊस होता. लाल दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, दार उघडे, आत कोणी नाही. लवूकाकांनी सवयीने बूट दाराबाहेर काढले. इतर ठिकाणी मी त्यांना रोखले होते. इथे माझे लक्ष नव्हते. पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर बूट गायब.

आम्ही दोघे दारात उभे होतो, मी बुटांत आणि ते ओल्या मोज्यांत, तेव्हा मागून एक सत्तरीची बाई आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने लवूकाकांच्या पायांकडे बोट दाखवले, आम्हाला आत नेले आणि शेवटच्या बाकाखालच्या गरम पाण्याच्या पाइपकडे बोट दाखवले. आम्ही पुढे वेदीपाशी असताना तिने त्यावर बूट सुकत ठेवले होते, तोंडे खाली करून, आत वर्तमानपत्र कोंबून.

तिचे नाव आनेलीझ. ती त्या चर्चची राखणदार होती: दार उघडणे, मेणबत्त्या, घंटा, झाडलोट. तिच्याआधी तिचे वडील, त्यांच्याआधी आजोबा. हे सगळे मला फोनवरच्या अनुवादातून अर्ध्या तासात कळले. लवूकाकांना ते किल्ल्या पाहताच कळले होते. त्यांनी दोन तळहात एक वीतभर अंतरावर धरले: आमच्या देवळाची किल्ली एवढी. आनेलीझने जुडग्यातली सर्वांत मोठी किल्ली काढून त्यांच्या तळहातांच्या मध्ये धरली. दोन बोटे जास्त भरली. तिला त्याचा आनंद झालेला दिसला.

मग लवूकाकांनी छपराकडे बोट केले, बोटे हलवून पाऊस दाखवला आणि खाली फरशीकडे हात नेऊन भुवया उंचावल्या. पाणी खंय जाता. अनुवादाची गरज पडली नाही. बाईने एक लहान दार उघडले आणि आम्ही तिच्यामागे लाकडी जिना चढून माळ्यावर गेलो.

वर ओकच्या वाशांचे जंगल होते. काही काळे पडलेले, काही तपकिरी, काही पिवळे. एकाच वाशात जुने लाकूड निम्म्यापर्यंत आणि तिथून पुढे नवे, तिरप्या कापाने एकमेकांत घट्ट बसवलेले, मध्ये लाकडी खुंट्या. प्रत्येक सांध्याजवळ दुरुस्तीचे साल कोरलेले. आनेलीझने खिळ्याला अडकवलेला लाकडी हातोडा काढला आणि एका वाशावर ठोकला. टण्ण. दुसऱ्यावर ठोकला. तोच आवाज. कोपऱ्यातल्या एकावर ठोकला आणि आवाज बद्द आला. तिने त्यावर खडूची फुली दाखवली. दरवर्षी थंडीच्या आधी ती वर येते, सगळे वासे ठोकून ऐकते. जो बद्द बोलेल त्याचे कुजलेले तेवढे कापून सुतार नवे जोडतो.

लवूकाका हसू लागले. ते असे मोठ्याने हसताना मी तोवर पाहिले नव्हते.

"पुणेकर, ह्या तर फणस बघतत तसाच."

त्यांनी तिच्या हातून हातोडा घेतला आणि एकूण एक वासा ठोकला. फणस पिकला की नाही हे कान लावून ठरवणारा माणूस ज्या तिरक्या मानेने ऐकतो, तसे ऐकले. फुलीखेरीज आणखी एक बद्द निघाला. आनेलीझने कान लावला, पुन्हा ठोकला, खिशातून खडू काढला आणि स्वतः फुली मारली. त्यानंतर लवूकाकांनी सांध्यांचे दोनशेहून जास्त फोटो काढले, मोजपट्टी ठेवून.

खाली आल्यावर ते वेदीसमोर उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणे घालू लागले. "बा देवा म्हाराजा, तुजा नाव माका धड म्हायत नाय. लांबसून इललंय. ह्या बाईच्या हातान तुजी सेवा चलता, ती अशीच चलव. तिच्या छपरातलो बद्द वासो सुतारान वेळेवर बदलूक होयो, तेवडा बघ..." गाऱ्हाण्याला दर ओळीनंतर हुंकार लागतो. त्यांनी मला कोपर मारले. मी हळू आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटले. शेवटी आनेलीझ म्हणाली, "आमेन."

"हिका कळता," लवूकाका मला म्हणाले.

तिने आम्हाला घरी नेऊन कांद्याचा जाड केक आणि यंदाच्या द्राक्षांची नवी, अजून फसफसणारी वाइन दिली. लवूकाकांनी घोट घेतला, पेला उजेडात धरला आणि जाहीर केले की ही माडाच्या रसाची माडी आहे. दोन पेल्यांनंतर त्यांनी आनेलीझला माडाच्या झाडावर कसे चढतात ते तिच्या जेवणघरातल्या खांबावर दाखवले.

डिसेंबरच्या बैठकीला मी स्वतःहून गेलो. लवूकाकांनी फोटो दाखवायला सुरुवात केली तेव्हा लोक आपसात बोलत होते. कोणीतरी म्हणाले, "खलास काका, जर्मनीचो देव बघलो, आता गावच्या देवाचा बोला." त्यांनी फोटो बंद केले आणि फोन टीव्हीच्या स्पीकरला जोडला.

"चुलतभावाक सांगलंय, लाकडी हातोडो घेवन खांब ठोक आणि आवाज धाड. आयका."

पहिला आवाज आला. टण्ण. मागे कुठेतरी कोंबडा. "पयलो खांब," लवूकाका म्हणाले. दुसरा. तिसरा. चौथ्याच्या वेळी मागून एक बाई ओरडली, "अरे, खांब कित्या मारतस सकाळच्या पारी?" मागच्या रांगेतला एक एसी मेकॅनिक ताठ झाला. "आये! आवस माजी," तो म्हणाला. लोक हसले आणि पुढे सरकून ऐकू लागले. हूऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, चाळीस माणसे आपल्या देवळाचे खांब ऐकत होती. पाचवा, आठवा आणि अकरावा बद्द निघाले. ते ओळखायला कोणाला सांगावे लागले नाही. प्रत्येकाने आयुष्यात फणस ठोकलेला होता.

"नव खांब बोलतत," लवूकाका म्हणाले. "तीन मुके. तिनांसाठी बारांक कित्या पाडूचा? तीन बदलूया, नळे परतूया."

प्रकाश म्हणाला, "काका, आवाजावर इमारत उभी रवत नाय."

वाद सुरू झाला. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. बुदैया गावातल्या एका बंगल्यावर ड्रायव्हर असलेले आबा परब सर्वांत वयस्कर. त्यांनी हात वर केला. "भांडताय कित्याक? कौल लावया. लवू सुटीवर जातलो, तेच्या हातान लावया. देव काय तो सांगात."

सगळ्यांना हे पटले. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने लावलेल्या कौलावर गावात पुन्हा चर्चा होत नाही. प्रकाशनेही मान डोलावली. तो हरला होता आणि ते त्याला कळले नव्हते. मी लवूकाकांकडे पाहिले. आता फक्त त्यांनी 'बरां' म्हणणे बाकी होते.

त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "नको," ते म्हणाले.

"नको म्हणजे?"

"पाकळी किती वली केली तर कितक्या वेळान पडता, ता माका म्हायत असा. माज्या हातान कौल लावल्यात तर माका होयो तोच मिळतलो. म्हणान नको."

वेटर चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता, तो तिथेच थांबला. मग प्रकाशने, अर्धवट हसत, विचारले, "काका, मग तुमच्या बापाशीन इतकी वर्सां लावलेले कौल?"

"बाबांचे हात थरथर कापत," लवूकाका म्हणाले. "तेंचो कौल देवाचोच."

हसण्याचा आवाज खालच्या रेस्टॉरंटमध्ये गेला असणार. आबा परबांच्या डोळ्यांत पाणी आले. हसू ओसरल्यावर लवूकाका म्हणाले, "ज्या कामाची अक्कल आपल्याक असा, ता देवाक कित्या इचारूचा? तेका दुसरी कामां असत."

प्रकाश बॉलपेनची उघडझाप करत होता. शेवटी त्याने लॅपटॉप मिटला. "एक पावस," तो म्हणाला. "तीन खांब बदला, नळे परता. एक पावस बघया. एक थेंब गळला, तर पाडूचा. मग तुमी आडवे येवचा नाय."

"नाय येवचंय."

"लिवन देतल्यात?"

"माका लिवक नको, तुका वाचूक नको. चाळीस जणांनी आयकला."

त्यांनी जानेवारीत राजीनामा दिला. तीन खांबांना दूर बसून चालत नाही, माणूस जवळ लागतो, एवढेच कारण त्यांनी सांगितले. मालकाने वर्षभर थांबायची गळ घातली. लवूकाका 'इंशाल्ला' म्हणाले. मालकाने ते ओळखले आणि त्यांना मिठी मारली. नव्या केअरटेकरला त्यांनी तीन दिवस गच्चीवर बादल्या ओतायला लावल्या. त्यांच्या जाण्यानंतर भाडेकरूंच्या ग्रुपवर पहिली तक्रार चौथ्या दिवशी आली.

उन्हाळ्यात त्यांचे फोटो येत. फणसाचे लाकूड कापताना. तिरपा सांधा, शेजारी मोजपट्टी. सुताराची नाराजी. त्यांनी सांध्याजवळ साल कोरून घेतले होते. एक फोटो आनेलीझला पाठवायचा म्हणून मला पाठवला; मी तो पाठवला. उलट टपाली तिच्या माळ्यावरचा एक फोटो आला: फुली मारलेल्या दोन जागी पिवळे नवे लाकूड.

जुलैच्या मध्यावर एका दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी डेस्कवर होतो. पडद्यावर आधी काही दिसले नाही. नुसता आवाज, नळ्यांवर कोसळणाऱ्या पाण्याचा. तीन दिवस थांबला नाही, असे ते ओरडून म्हणाले. मग त्यांनी फोन खाली धरून सभामंडपाची जमीन दाखवली, हातहात सरकत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कोरडी. मधोमध पायांची एक जोडी दिसली. प्रकाश सावंत. तो ऐन पावसात रजा काढून गावी गेला होता आणि त्या वेळी आठव्या खांबाच्या अगदी पायथ्याशी उताणा पडून छपराकडे पाहत होता.

"सकाळधरना असोच असा," लवूकाका म्हणाले. "जेवणय थंयच दिलव."

"काका, बोला नको, लक्ष जाता," प्रकाश वर बघतच म्हणाला.

लवूकाकांनी फोन एका खांबाला टेकवून ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन तेही उताणे झाले. दोघांची डोकी जवळजवळ होती. चार-पाच मिनिटे गेली. माझ्यापुढे उद्याच्या अंकाचे पान होते, पण मी फोन बंद केला नाही. मग वरून काहीतरी चमकून खाली आले आणि प्रकाशचे डोळे मिटले. त्याने बोटाने कपाळ पुसले. बोट डोळ्यांसमोर धरून पाहिले. लवूकाका कोपरावर उठून त्याच्याकडे बघत होते.

"घाम," प्रकाश म्हणाला.

लवूकाका उठले, डोक्यावर गोणपाट घेतले आणि शिडी आणायला पावसात बाहेर पडले. प्रकाश तिथेच पडून राहिला. फक्त दीड हात बाजूला सरकला.